अंबडच्या मशीन शॉपने आधी काय घ्यावं: सर्व्हर, ईआरपी की मशीन मॉनिटरिंग?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या अंबड एमआयडीसीत प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. संगणकावर चालणारी ८ सीएनसी आणि ३ व्हीएमसी मशीन, २८ माणसं, उलाढाल ७ कोटींच्या आसपास. शाफ्ट, बुश, पिन असं टर्निंगचं काम आणि जवळजवळ सगळा माल दोन मोठ्या ग्राहकांना. त्यातल्या एकाने कळवलंय की पुढच्या आर्थिक वर्षापासून प्रत्येक बिनवर (मालाच्या पेटीवर) क्यूआर लेबल, त्यांच्या पोर्टलवर एएसएन (माल पाठवत असल्याची आगाऊ सूचना) आणि हीट नंबरपर्यंतची ट्रेसेबिलिटी, म्हणजे नग कोणत्या स्टीलचा हे मागे शोधता येणं, लागेल. जमत नसेल तर काम चाकणच्या व्हेंडरकडे जाईल. हातात तीन कोटेशन आहेत: सर्व्हरसकट ईआरपी (स्टोअर, उत्पादन, बिलं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), महिन्याच्या भाड्याचं क्लाउड ईआरपी आणि मशीन मॉनिटरिंग. पुतण्या म्हणतो क्लाउड घ्या, अकाउंटंट म्हणतो टॅली पुरे. आधी काय घ्यावं आणि आयटीचा माणूस ठेवावा का?

सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या लहान कारखान्यांची नेटवर्क आणि ईआरपीची कामं करण्यातच माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून सरळच सांगतो. पहिले तीन महिने तिन्हींपैकी काहीही घेऊ नका. ग्राहकाने जे मागितलंय ते सॉफ्टवेअर नाहीच. शॉपवर एखादी गोष्ट घडली आणि ती कुठेतरी नोंदली गेली, या दोन्हींमध्ये किती वेळ जातो, ते त्याला कमी करून हवंय. आज तुमच्याकडे हा वेळ बहुधा काही दिवसांचा असेल. सुपरवायझरच्या वहीतून नोंद एक्सेलमध्ये येते, एक्सेलमधून अकाउंटंटकडे जाते. चाकणचा व्हेंडर तुमच्यापेक्षा चांगला शाफ्ट बनवत असेलच असं नाही, पण ग्राहकाचा फोन आल्यावर तो तासाभरात उत्तर देतो आणि तुम्ही परवा देता. स्पर्धा या जागी हरली जाते, आणि पुढे जे काही विकत घ्याल ते याच मापाने मोजा.

हीट नंबरपासून सुरू करतो, कारण सगळ्यात अवघड तेच आहे. स्टील मिलमध्ये एका वितळीतून निघालेल्या मालाला एक हीट नंबर असतो आणि मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटवर तो छापलेला असतो. बार तुमच्या स्टोअरला येतो तेव्हा टोकाला रंग किंवा पंच असतो. आता बँडसॉवर (बार कापायच्या करवतीवर) काय होतं ते एकदा उभं राहून बघा. ऑपरेटर हाताला येईल त्या टोकाकडून कापायला घेतो आणि पुष्कळदा ते रंगाचंच टोक असतं. पहिला तुकडा पडला की उरलेला बार अनाथ होतो. संध्याकाळी तो रॅकमध्ये त्याच व्यासाच्या दुसऱ्या बारशेजारी जातो आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही हीटचे तुकडे एकाच क्रेटमध्ये पडतात. यानंतर जगातलं कुठलंही ईआरपी तुम्हाला ट्रेसेबिलिटी देऊ शकत नाही. स्क्रीनवर हीट नंबरचा रकाना असेल, त्यात नंबरही असेल, पण तो कोणीतरी अंदाजाने भरलेला असेल. असा भरलेला नंबर कोऱ्या रकान्यापेक्षा जास्त धोक्याचा आहे. ऑडिटमध्ये तो खरा धरला जातो आणि पुढे एखाद्या हीटचा माल परत मागवायची वेळ आली की चुकीचे क्रेट परत येतात.

म्हणून नियम कापणीपाशी लावा. बार बिनरंगाच्या टोकाकडून कापायचा. एका वेळी एकच हीट बँडसॉवर घ्यायची. क्रेटला तारेने टॅग आणि टॅगवर हीट नंबर, आयटम कोड, नग, तारीख. टॅग हातानेच लिहा, सुरुवातीला छापायची गरज नाही. महिनाभर हे न चुकता चाललं की मग त्या टॅगच्या जागी क्यूआर आणायला अर्थ आहे.

ही शिस्त आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. २००३ साली युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि निर्यात अडचणीत आली. त्यानंतर अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेने ग्रेपनेट उभं केलं. प्रत्येक निर्यातक्षम बागेची नोंदणी, प्लॉटचा क्रमांक, प्रयोगशाळेचा नमुना, पॅकहाऊस, पॅलेट, सगळं एका साखळीत. २०१० मध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराईड या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांवरून पुन्हा माल अडकला तेव्हा साखळी किती महत्त्वाची आहे ते सगळ्यांनाच कळलं. दिंडोरी-निफाडकडचा निर्यातदार बागायतदार आज प्लॉट नंबर तोंडपाठ सांगतो. आमच्या इंजिनिअरिंगवाल्यांना मात्र क्रेटवर टॅग लावा म्हटलं की जड जातं. ग्रेपनेट चाललं कारण नोंद बागेतच व्हायची. पॅकहाऊसला आल्यावर आठवून लिहायची पद्धत ठेवली असती तर ते पहिल्याच हंगामात बसलं असतं.

दुसरी गोष्ट आयटम कोड. तुमच्या टॅलीतला स्टॉक मी बघितलेला नाही, पण त्यात ‘शाफ्ट मोठा’, ‘शाफ्ट मोठा नवीन’ आणि ‘शाफ्ट मोठा (जुना रेट)’ अशा नोंदी नसतील तर आश्चर्य वाटेल. अकाउंटंटचं काम त्यात चालतं, कारण त्याला रुपयाचा हिशोब लागतो. शॉपला ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजन लागते. रिजेक्शनचा एक मोठा प्रकार असा असतो की ग्राहकाने रिव्हिजन बदललेली असते, मेल आलेला असतो, पण मशीनला चिकटवलेला कागद जुनाच असतो. तेव्हा आयटम कोडमध्ये ड्रॉइंग नंबर घ्या, रिव्हिजन वेगळ्या रकान्यात ठेवा आणि रिव्हिजन बदलली की जुना कागद परत घेतल्याशिवाय नवा द्यायचा नाही असं ठरवा.

त्यातच मापाचा घोळ मिटवून टाका. स्टील किलोत येतं, स्टोअरमधून बारमध्ये निघतं, मशीनवर नग होतो आणि बर (कापताना निघालेला स्टीलचा चुरा) परत किलोत विकली जाते. गोल बारचं मीटरला किलोतलं वजन म्हणजे मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे शॉपवर सगळ्यांनाच माहीत असतं. ४० मिलिमीटरच्या बारला ते साधारण ९.८८ किलो पडतं. मग एका नगाला किती मिलिमीटर लांबी, कापणीची घट किती, फेसिंगसाठी (टोक सपाट करायला) किती, हे प्रत्येक आयटमला एकदाच बसून लिहा. हे काम किचकट आहे, कंटाळवाणं आहे आणि कोणताही सॉफ्टवेअरवाला ते तुमच्यासाठी करणार नाही. तो रिकामी एक्सेल शीट पाठवेल आणि ‘मास्टर डेटा भरून द्या’ म्हणेल. ईआरपीचे बरेचसे प्रकल्प याच शीटपाशी मरतात आणि दोष सॉफ्टवेअरला जातो. आधीच भरून ठेवलंत तर कोणाचंही सॉफ्टवेअर घ्या, ते निम्म्या वेळात उभं राहतं.

आता चलनं. टर्निंगच्या कारखान्याचा बराचसा माल कोणत्याही दिवशी कारखान्याच्या बाहेर असतो: हीट ट्रीटमेंटला, प्लेटिंगला, सेंटरलेस ग्राइंडिंगला. जीएसटीच्या नियमानुसार जॉबवर्कला पाठवलेला कच्चा किंवा अर्धवट माल वर्षभरात परत यायला हवा, नाहीतर पाठवल्याच्या तारखेलाच तो विकला असं धरलं जातं आणि कर व्याजासकट भरावा लागतो. ५ कोटींच्या वर उलाढाल असली की आयटीसी-०४ हा जॉबवर्कच्या मालाचा फॉर्म सहा महिन्यांनी भरायचा, म्हणजे तुम्हाला वर्षातून दोनदा. बहुतेक ठिकाणी तो भरायच्या आठवड्यात चलनबुकं शोधून जुळवाजुळव करतात. प्लेटिंगवाल्याकडून ५०० पैकी ४८७ नग परत आले, उरलेले १३ कुठे गेले हे सहा महिन्यांनी कोणाला आठवणार?

इथेच हीट नंबरची साखळी दुसऱ्यांदा तुटते. प्लेटिंगवाला तुमचे दोन क्रेट एका बॅरलमध्ये टाकतो, कारण त्याला बॅरल भरायचं असतं. त्याला दोष देऊन उपयोग नाही. चलनावर हीट नंबर लिहा, ‘लॉट मिसळू नये’ असं छापा आणि परतीच्या चलनावर तोच नंबर आल्याशिवाय गेटवर माल उतरवू नका. पहिले पंधरा दिवस वाद होतील. एखादा जॉबवर्कवाला सोडूनही जाईल, जाऊ द्या. माझ्या मते या एका सुधारणेतून मिळणारा फायदा तुम्ही कोटेशन घेतलेल्या तिन्ही गोष्टींपेक्षा मोठा आहे. बाहेर अडकलेला माल म्हणजे अडकलेला पैसा, आणि आज तो किती आहे हे तुम्हाला माहीत नाही.

वायरिंग आणि वीज. यावर कोणी कोटेशन दिलेलं दिसत नाही, म्हणजे तिघांनीही ते गृहीत धरलंय. ग्राहकाच्या पोर्टलवर एएसएन गेल्याशिवाय गाडी सुटणार नसेल, तर इंटरनेट गेल्यावर तुमचा डिस्पॅच बंद, हे समजून घ्या. दोन कनेक्शन ठेवा, पण दोन कंपन्यांची घेतली म्हणजे सुटलात असं नाही. दोघांचीही फायबर पुष्कळदा एकाच खांबावरून नाहीतर एकाच चरातून येते आणि एक जेसीबी दोन्ही तोडतो. सध्या २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात खोदाई चालू आहे, तेव्हा जेसीबीची भीती कल्पनेतली नाही. एक फायबर आणि दुसरं सिमवरचं ४जी-५जी किंवा छतावरच्या अँटेनाचं वायरलेस, असा जोड ठेवा. राऊटर असा घ्या की एक गेलं की दुसऱ्यावर आपोआप जाईल. कोणीतरी धावत जाऊन केबल बदलायची, ही व्यवस्था रात्रपाळीला चालत नाही.

राऊटर, स्विच, बिलिंगचा संगणक आणि लेबल प्रिंटर एका ऑनलाइन यूपीएसवर घ्या. वीज पूर्ण जाते तेव्हा फारसं बिघडत नाही. क्षणभर डोळा लवतो तसा झटका बसतो, तेव्हा राऊटर अडकतो आणि कोणाच्या लक्षातच येत नाही. अर्थिंग मोजून घ्या. ऑफिस आणि शेड यांच्यामध्ये तांब्याची नेटवर्क केबल टाकू नका, फायबर टाका. मे-जूनच्या वळवाच्या विजांमध्ये स्विचचे पोर्ट जळतात ते बहुतेक या दोन इमारतींमधल्या तांब्याच्या केबलमुळे. शॉपमध्ये नेटवर्कची केबल मशीनच्या पॉवर केबलला बांधून नेऊ नका, मोटरच्या ड्राइव्हचा विजेचा अडथळा (नॉइज) त्यात उतरतो. पंखेवाला स्वस्त स्विच कूलंटच्या वाफेत फार दिवस टिकत नाही. बंद पेटीत बिनपंख्याचा ठेवा. सीसीटीव्ही कॅमेरे मात्र वेगळ्या नेटवर्कवर हवेत. कॅमेऱ्यांनी वाट अडवल्यामुळे बिलिंग रडतंय आणि शेठ इंटरनेट कंपनीशी भांडतोय, हे दृश्य इतक्या ठिकाणी बघितलंय की आता मी गेल्या गेल्या आधी डीव्हीआरची केबल शोधतो.

सरकारने तुमच्याकडून करून घेतलेली अर्धी तयारी तुमच्या लक्षात आलेली नसावी. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे, म्हणजे तुमचं प्रत्येक बिल आधीच सरकारी पोर्टलवर जातं, आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) घेतं आणि सही केलेला क्यूआर घेऊन येतं. गाडीसाठी ई-वे बिल निघतं. एएसएनमध्ये जवळपास हीच माहिती असते: बिल नंबर, पीओची (ग्राहकाच्या खरेदी ऑर्डरची) ओळ, नग. त्यात भर फक्त बिनची संख्या आणि लॉट-हीट नंबरची. आता तुमच्याकडे काय होईल? डिस्पॅचचा मुलगा बिल टॅलीत टाकेल, मग तेच ग्राहकाच्या पोर्टलवर हाताने टाईप करेल आणि लेबलवर तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी कुठेतरी ५०० चे ५००० होतील, गेटवर स्कॅन जुळणार नाही आणि गाडी दिवसभर रस्त्याला उभी राहील. तेव्हा सॉफ्टवेअर घेताना पहिला प्रश्न हा विचारा: एकदा भरलेली माहिती बिल, एएसएन आणि लेबल या तिन्हींमध्ये आपोआप जाते का? पोर्टलला थेट जोडता येत नसेल तर निदान अपलोडची फाईल तयार करून देते का?

यात पैशाची एक बाजू आहे, ती अकाउंटंटशी बोला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायला हवेत. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकरातही ४३बी(एच) म्हणून ओळखली जाणारी तरतूद आली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळतो. उत्पादक म्हणून तुम्हाला हे लागू होतं, पण उद्यम नोंदणी हवी आणि तो क्रमांक बिलावर छापलेला बरा. मुदत मोजायची ती माल स्वीकारल्यापासून. १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असं धरतात. आता सांगा, माल कोणत्या दिवशी पोचला याचा तुमच्याकडे पुरावा काय? ड्रायव्हरने आणलेली शिक्क्याची पावती, तीही कधीकधी. एएसएन आणि गेटवरचं स्कॅन झालं की ती तारीख ग्राहकाच्याच यंत्रणेत नोंदली जाते. जे तुम्हाला ओझं वाटतंय त्यातून तुमचीच वसुली पक्की होते.

ट्रेड्सबद्दलही, म्हणजे लहान उद्योगांची बिलं ऑनलाइन वटवायच्या व्यवस्थेबद्दलही, चौकशी करा. ज्या कंपन्यांची उलाढाल २५० कोटींच्या वर आहे त्यांना ट्रेड्सच्या मंचांवर नोंदणी आता बंधनकारक आहे. आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट ही त्यातली नावं. ग्राहकाने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि पैसे लवकर मिळतात. पुढे ग्राहकाने थकवलं तरी बँक तुमच्याकडे मागायला येत नाही. अट एकच, बिल ऑनलाइन मान्य झालेलं हवं, आणि ते वेळेत मान्य होतं जेव्हा नग, दर आणि पीओ बिनचूक जुळतात. चाकणचा व्हेंडर दोन रुपये कमी दर कसा देतो याचं उत्तर काही वेळा त्याच्या मशीनमध्ये नसतं, त्याच्या कॅश क्रेडिटच्या व्याजात असतं.

आता तुमची तीन कोटेशनं.

सर्व्हरसकट ईआरपी नको. २८ माणसांच्या कारखान्यात तो सर्व्हर शेठच्या केबिनमध्ये एसीखाली टेबलाच्या पायाशी ठेवतात, रात्री एसी बंद होतो आणि वर्षभराने त्याचा पासवर्ड फक्त सोडून गेलेल्या मुलाला माहीत असतो. क्लाउड घ्या. डेटा सेंटर कुठे आहे याची चिंता सोडा. सातपूरमध्ये ईएसडीएसचं आहे, मुंबईत डझनावारी आहेत, अंतराने तुम्हाला काही फरक पडत नाही. फरक करारातल्या ओळींनी पडतो. माझा सगळा डेटा मला हवा तेव्हा एक्सेलमध्ये पूर्ण मिळेल का? भाडं थांबवलं तर किती दिवस मिळेल? वापरणारे किती मोजणार, कारण शॉपवरचे चार जण धरले तर भाडं दुप्पट होतं? एक रिपोर्ट बदलायचे किती? नेट गेलेलं असताना लेबल छापता येतं का? या शेवटच्या प्रश्नावर पुष्कळ विक्रेते चाचपडतात.

टॅली राहू द्या. अकाउंटंट अर्धा बरोबर आहे, हिशोबाला टॅली पुरे. कंपनी असल्यामुळे १ एप्रिल २०२३ पासून तुम्हाला एडिट लॉग (प्रत्येक बदलाची नोंद) ठेवणारं अकाउंटिंग सॉफ्टवेअर बंधनकारक आहे, तेवढं चालू आहे ना ते बघा. लॉट, हीट, ऑपरेशन आणि बाहेरचं जॉबवर्क मात्र टॅलीत ओढूनताणून बसवू नका. ईआरपीतून बिल टॅलीत जावं, एवढा एकच पूल बांधा.

मशीन मॉनिटरिंग सगळ्यात शेवटी, आणि तेही ११ मशीनवर नाही. ज्या मशीनपुढे क्रेटची रांग लागते त्या एकाच मशीनवर लावा. नवीन कंट्रोलरमधून माहिती नेटवर्कवर थेट मिळते. जुन्या मशीनला टॉवर लॅम्पचा सिग्नल किंवा स्पिंडलच्या वायरवर करंट सेन्सर पुरतो. मॉनिटरिंगवाले दाखवतात तो ओईई हा मशीनच्या कार्यक्षमतेचा आकडा म्हणजे उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता यांचा गुणाकार. ८५ टक्के, ९० टक्के आणि ९८ टक्के असे तिन्ही आकडे ऐकायला छान वाटतात, पण गुणाकार ७५ टक्केच येतो. आलेख बघितल्यावर पहिला धक्का हा बसतो की मशीन बिघाडाने फारशी थांबलेली नसते. पहिल्या नगाच्या मंजुरीसाठी क्यूसीची (तपासणी विभागाची) वाट, इन्सर्ट (कापायचं पातं) स्टोअरमधून येईपर्यंतची वाट, मशीन सेट करणारा सेटर दुसऱ्या मशीनवर अडकलेला, यात तास जातात. हे तास भरून निघाले तर नवीन मशीनचं कर्ज पुढे ढकलता येतं.

पण हा आकडा ऑपरेटरला दंड करायला एकदा जरी वापरलात तर संपलं. माणसं हुशार असतात. नग न लावता हवेत कटिंग चालवून दिवा हिरवा ठेवता येतो आणि मग स्क्रीनवर ९५ टक्के आणि क्रेटमध्ये नग मात्र पूर्वीइतकेच. पहिले सहा महिने तो आकडा फक्त क्यूसी आणि स्टोअरला दाखवा.

मॉनिटरिंगपेक्षा मला सायकल टाईमच्या (एका नगाला मशीनवर लागणाऱ्या वेळेच्या) नोंदीत जास्त रस आहे. नवीन आरएफक्यू (ग्राहकाची दर मागणी) आली की आज तुम्ही कोटेशन कसं काढता? सुपरवायझर अंदाजाने सांगतो, तुम्ही त्यात थोडं वाढवता. मागच्या वर्षीच्या तशाच तीन शाफ्टचा खरा सायकल टाईम, सेटिंगला लागलेला वेळ, रिजेक्शन आणि प्लेटिंगची घट समोर असेल तर त्याच दिवशी कोटेशन जातं आणि कुठे दर सोडायचा, कुठे सोडायचा नाही हे कळतं. हे काम करायला जॉब कार्डावरची सुरू-बंद वेळ पुरेशी आहे, सेन्सर लागत नाही.

लेबलचं एक सांगून ठेवतो. प्रिंटर घ्यायच्या आधी ग्राहकाच्या सप्लायर क्वालिटीवाल्याला मेल करून लेबलचं स्पेसिफिकेशन मागवा: आकार, कोडचा प्रकार, रकान्यांचा क्रम. रिबनवाला थर्मल ट्रान्सफर प्रिंटर घ्या. कुरियरच्या पाकिटावर असतो तसला डायरेक्ट थर्मल कागद तेल आणि उन्हात काळा नाहीतर कोरा होतो. स्कॅनर हातात धरायचा घ्या. मोबाईलच्या कॅमेऱ्याने चालेल असं पुतण्या म्हणेल, पण तेलकट हाताने तो चार दिवसांवर चालत नाही.

सुरक्षेबद्दल थोडं, पण ते टाळू नका. लहान कारखान्यात रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरतं ते बहुतेक अकाउंटंटला घरून टॅली बघता यावी म्हणून इंटरनेटवर उघडं ठेवलेल्या रिमोट डेस्कटॉपमधून. ते आजच बंद करा, व्हीपीएन (बाहेरून जोडायची सुरक्षित वाट) लावा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, ते संगणक बदला. जुन्या विंडोजवर चालणारे मशीन कंट्रोलर किंवा सीएमएम (मापं तपासायचं मशीन) असतील तर त्यांना इंटरनेट देऊच नका, वेगळ्या नेटवर्कवर ठेवा. बॅकअपच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक कारखान्याबाहेर. कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्क हा बॅकअप नव्हे, तीही सोबतच कुलूपबंद होते. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. ‘आम्ही फार लहान, आम्हाला कोण मारणार’ असं म्हणू नका. जून २०१७ च्या नॉटपेट्या या सायबर हल्ल्यात जेएनपीटीचं (न्हावाशेवा बंदराचं) एक टर्मिनल ठप्प झालं होतं आणि नाशिकचा माल त्याच बंदरातून जातो. तो हल्ला भारताला उद्देशून नव्हताच.

दुसरा धोका मेलचा. स्टील पुरवठादाराच्या नावाने ‘आमचं बँक खातं बदललंय’ असा मेल येतो, बिल खरं असतं, आकडा खरा असतो, फक्त खातं चोराचं. खातं बदलायचं तर आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. गेलेच पैसे तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

मग तीन महिन्यांनी विक्रेत्यांना डेमोला बोलवा आणि त्यांचा तयार डेमो बघू नका. तुमचा एक खरा आयटम द्या: कापणी, टर्निंग, बाहेर हीट ट्रीटमेंट, परत ग्राइंडिंग, बाहेर प्लेटिंग, पॅकिंग. मध्ये ५०० चे ४८७ करा. मग विचारा, या बिनमधल्या नगांची हीट कोणती आणि त्याच हीटचे उरलेले नग आत्ता कुठे आहेत? जो समोर बसून हे दाखवेल त्याचं घ्या, किंमत थोडी जास्त असली तरी. तत्पूर्वी हीच परीक्षा तुमच्या आजच्या वह्या आणि एक्सेलवर एकदा घ्या. मागच्या महिन्याचं कोणतंही एक बिल उचला, स्टोअर आणि क्यूसीला हेच विचारा आणि उत्तर यायला लागलेला वेळ लिहून ठेवा. ग्राहकाकडे मुदत मागायची वेळ आली तर हे आकडे दाखवून मागा. योजना घेऊन आलेल्या व्हेंडरला क्वालिटीवाले सहसा वेळ देतात.

आयटीचा माणूस ठेवू नका. या आकाराला त्याला पूर्ण दिवसाचं काम नसतं आणि सहा महिन्यांत तो सीसीटीव्ही आणि प्रिंटर बघणारा माणूस होतो. नेटवर्क बाहेरच्याकडे वार्षिक कंत्राटाने द्या, पण पासवर्डची वही तुमच्या कपाटात ठेवा. आयटम मास्टर, चलनं आणि टॅग हे तुमच्या स्टोअरकीपरकडे द्या. ज्याला प्रत्येक बार कुठे पडलाय हे डोळे मिटून सांगता येतं, तोच या कामाला योग्य. संगणक त्याला महिनाभरात येईल. त्याच्या डोक्यात आहे ते संगणकवाल्याला वर्षभरात येणार नाही. त्याला दुपारचे दोन तास मोकळे करून द्या, मदतीला एक हेल्पर द्या आणि पगारात काहीतरी वाढवा. पुतण्याला त्याच्याशेजारी बसवा, मास्टरच्या शीट भरायला तरुण हात लागतीलच.